दवंडीवाचून आलेला पूर

पुराची गोष्ट सांगायला बसले की माझी नात म्हणते, "आजी, तू आधी रागावून घे, मग सांग." पोरगी शहाणी आहे. तेव्हा राग आधीच सांगून टाकते. नदीवर माझा राग नाही. वर पाऊस पडला की ती खाली येणार, तिचं कामच ते. माझा राग आहे तो पाणी उतरल्यावर शाळेच्या पडवीत जे टेबल मांडलं गेलं आणि ज्याच्यामागे बसून दोष कोणाचा ते ठरवायचं होतं, त्या टेबलावर. आणि त्या टेबलामागे बसलेला माणूस चांगला होता, हे त्याहून वाईट. वाईट माणसावर रागावणं सोपं असतं.

आर्णीच्या खाली, अरुणावतीच्या काठाला आमचं गाव. नदीला लागून आमची बौद्धांची वस्ती, तिच्या वरच्या अंगाला पाटलांची आणि इतर शेतकऱ्यांची घरं, आणि सगळ्यांच्या वर माळाचं टेकाड. टेकाडावर शाळा. मी दारव्ह्याकडून लग्न होऊन या गावी आले ती सातवी शिकून. सातवी शिकलेली सून म्हणजे वस्तीत भाव खाणारी वस्तू होती, आणि मी तो खायचेही. सासऱ्यांना आम्ही मामाजी म्हणायचो. उंच, कमी बोलणारे, पण आवाज असा की नदीच्या या काठावरून हाक मारली तर त्या काठावरचा गुराखी मागे वळून पाहायचा.

त्या आवाजाला कारण होतं. गावची कोतवालकी आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. तहसिलीतून डाक आणायची, गावात काही झालं की तहसिलीत जाऊन वर्दी द्यायची, पाटलांच्या निरोपाला धावायचं, मेलेलं ढोर ओढायचं आणि डफडं वाजवून गावभर दवंडी द्यायची. पगार असा नव्हता. खळ्यावर सुपातून काय पदरात पडेल ते. छप्पन साली मामाजी नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले आणि हे सगळं त्यांनी एका दिवसात सोडलं. डफडं फोडून टाकलं. कोतवालाचा पितळी बिल्ला चावडीत पाटलांच्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "पाटील, आता हे काम आमच्यानं होत नाई. दुसरा माणूस पाहा." पाटील त्यांच्याच वयाचे, एकाच डोहात पोहायला शिकलेले. ते हसले म्हणे. "ठेव. येशीन चार दिवसानं परत," म्हणाले. माझं लग्न व्हायच्या आधीची ही गोष्ट, पण आमच्या घरात ती इतक्यांदा सांगितली गेली की मी तिथं हजर होते असंच मला वाटतं.

मामाजी परत गेले नाहीत आणि दुसरा माणूस कोणी पाहिला नाही. डफड्याला हात लावायला गावात कोणाचीच तयारी नव्हती. गाव मात्र मनातून डफड्याचंच राहिलं. ग्रामसेवकानं सांगो, मास्तरांनी सांगो, लोक विचारायचे, "दवंडी झाली काय?" झाली नसेल तर ती गोष्ट पक्की नाही. आता डफडं फुटलं तेव्हापासून दवंडी कधीच झाली नव्हती. म्हणजे या हिशेबानं त्या सगळ्या वर्षांत गावात काही पक्कं घडलंच नव्हतं. आम्ही बाया पाण्यावर यावरून हसायचो. पुढं यावरून कोणी हसणार नाही, हे तेव्हा कसं कळावं?

महाराष्ट्र होऊन दोन-तीन पावसाळे झाले असतील. भादव्याचे दिवस होते. गावात लख्ख ऊन पडलेलं, बायका ओले कपडे कुंपणावर वाळत घालत होत्या. मामाजी दुपारी नदीच्या काठावर गवत कापायला गेले होते ते भारा टाकून पळत आले. नदी गढूळ झाली होती आणि वरून कोणाच्या तरी घराचं छप्पर, आख्खंच्या आख्खं, वाहत आलं होतं. त्यांनी आधी वस्ती उठवली. आमच्या लोकांना त्यांचं एक बोलणं पुरलं. लेकरं, कोंबड्या, बकऱ्या, दोन भांडी घेऊन सगळे टेकाडाकडे निघाले. मामाजी मात्र वरच्या गावात शिरले. कडेवर पोर घेऊन मी त्यांच्या मागे, "मामाजी, चाला न आता," म्हणत.

ते प्रत्येक दारासमोर थांबत होते. "पाणी येऊन राह्यलं! ढोरं सोडा! टेकाडावर चाला!" लोक बाहेर यायचे, आधी उन्हाकडे पाहायचे, मग त्यांच्याकडे. एकजण म्हणाला, "दवंडी तं नाई झाली?" दुसऱ्यानं विचारलं, "पाटलानं सांगतलं काय?" काही उठले, बरेच नाही उठले. पाटलांच्या घरी पाटील स्वतः नव्हते, पांढरकवड्याला गेले होते. ओसरीत त्यांची म्हातारी आई तूर पाखडत बसली होती. गावात तिला सगळे पाटलीणबाईच म्हणत. पाटलांचा धाकटा भाऊ, नुकतं लग्न झालेलं पोर, आत जेवून आडवं झालं होतं.

मामाजींनी अंगणाच्या बाहेरूनच सांगितलं. पाटलीणबाई सूप न थांबवता म्हणाल्या, "खरं असन तं दवंडी दे. असं तोंडी सांगून कोण उठते?"

"डफडं नाई माह्याजवळ, बाई. तोंड हाय."

म्हातारी हसली. हसण्यात वाईटपणा नव्हता, हे मी आजही सांगते. रोज घरातल्या माणसाला हसावं तसं ती हसली. मामाजींनी मग तिच्यावरून नजर काढून आत हाक मारली. धाकट्याचं नाव घेऊन, सगळा जोर लावून, पुन्हा पुन्हा. आतून काही उत्तर आलं नाही. मग मी त्यांचा हात धरून ओढला आणि आम्ही टेकाडाची वाट धरली. आम्ही अर्ध्यात असताना मागे नदीचा आवाज बदलला.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण मला ते लांबवत नाही. वस्ती गेली. वरच्या गावाची खालची आळी गेली. जे उशिरा निघाले ते कमरेएवढ्या पाण्यातून टेकाडावर आले. पाटलांचा गोठा नाल्याच्या तोंडाशी होता. पाणी अंगणात आल्यावर त्यांचा धाकटा भाऊ बैल सोडायला तिकडे धावला. बैल टेकाडावर आले, तो आला नाही. पाणी उतरल्यावर खाली बाभळीच्या बनात सापडला.

आता सरकार. आमचे हे, म्हणजे माझे मालक, दुसऱ्या दिवशी उजाडताच नाल्याला वळसा घालून तहसिलीत गेले. गाव बुडालं, माणूस मेलं, खायला नाही, म्हणून सांगितलं. तिथल्या कारकुनानं विचारलं, "तू कोण? वर्दी कोतवालानं द्यायची असते, नाहीतर पाटलानं." पाटील पुरामुळे नदीपलीकडे अडकलेले, कोतवाल नाहीच. हे गयावया करून परत आले. तोवर आम्ही सगळे शाळेत. वस्तीही तिथेच, गावही तिथेच, मध्ये फक्त दोन वर्गांतली भिंत. गावाची ज्वारी पेवांत होती आणि पेवांत पाणी शिरलं होतं. जमिनीत पुरलेलं ते धान्य कुजून असा वास सुटला की वारा आला तरी नको वाटायचा. जी काढता आली ती मोड आलेली, तिच्या भाकरी चिकट आणि आंबूस. लेकरं तीच खाऊन रडायची आणि पुन्हा तीच मागायची. पाटील परतले, भावाला अग्नी दिला, मग वर्दी गेली. तरी धान्य आलं नाही. आधी चौकशी होणार, अहवाल वर जाणार, मग धान्य सुटणार, असं कळलं.

या सगळ्यात गावाला कोणीतरी दोषी हवं होतं आणि ते आमच्याच घरात सापडलं. विहिरीवर, झाडाखाली, भिंतीपलीकडून कानावर यायला लागलं. धर्म बदलला, डफडं फोडलं, म्हणून गाव बुडालं. दवंडी झाली असती तर पोरगं वाचलं असतं. बोलणारे भुकेले होते, घरं गेलेले होते, हे मला कळत होतं. पण कळलं म्हणून माझं तोंड थोडंच बंद राहतं! मी भिंतीपलीकडे ऐकू जाईल असं म्हणायची, "दारोदार आवाज देत फिरले ते कोण होते मग? भूत होतं काय?"

मामाजी नुसते बसून राहायचे. मला वाटायचं, चौकशीला भ्याले. एकदा मी भाकरी पुढे ठेवली तर हात न लावता मला म्हणाले, "सुनबाई, डफडं असतं तं उठलं असतं काय व ते पोरगं?"

तेव्हा मला कळलं. माणूस सरकारला भीत नव्हता. छप्पन साली केलेली आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट त्यांनी मनातल्या मनात त्या पोराच्या मरणासमोर ठेवली होती आणि रोज बसून तपासत होते. मी म्हटलं, "असं काहून म्हणता, मामाजी?" आणि सातवी शिकलेली सून भाकरी त्यांच्यापुढे सरकवत राहिली.

चौकशीचे साहेब आले ते तरुण होते, नागपूरकडचे असावेत. बूट चिखलानं भरलेले, तरी त्यांनी पडवीत चढण्याआधी ते काढून ठेवले. मामाजींना "बसा" म्हणाले, "तुम्ही" म्हणाले. गाव पाहत राहिलं. साहेबांनी एकेकाला विचारलं आणि प्रत्येकानं तेच सांगितलं की दवंडी झाली नाही. खोटं कोणीच बोलत नव्हतं. मग साहेबांनीच सांगितलं की वर पाऊस झाल्याचा निरोप तहसिलीत त्या सकाळीच आलेला होता.

"मग आमच्याकडं काहून नाई आला?" कोणीतरी विचारलं.

साहेब खाली पाहून म्हणाले, "तो कोतवालानं न्यायचा असतो. कोतवाल आलाच नाही."

म्हणजे गाव बुडत होतं तेव्हा गावाचा निरोप तहसिलीत बसून, कधीच काम सोडून गेलेल्या माणसाची वाट पाहत होता. मला हसू आलं आणि रडूही. मी बाया बसल्या होत्या तिथून उठून म्हटलं, "पण ह्यांनी तं कोतवालकी सोडून वर्षं झाली!" मामाजींनी हातानं मला खाली बसवलं.

साहेब म्हणाले, "तहसिलीत तसं काही आलेलं नाही. आमच्या लेखी आजही हेच कोतवाल आहेत." त्यांनी पाटलांकडे पाहिलं. पाटील मुंडण केलेलं डोकं खाली घालून बसले होते. परत येईल, परत येईल म्हणत त्यांनी ती गोष्ट वर कळवलीच नव्हती; तहसिलीतली डाक जाता-येता आपणच आणत होते. मैतराची जागा दुसऱ्याला द्यावी असं त्यांना वाटलं नसेल. मी तेव्हा त्यांना मनातल्या मनात काय काय म्हटलं ते इथं सांगत नाही. आता इतक्या वर्षांनी वाटतं, त्या माणसानं माया केली आणि ती नको त्या ठिकाणी केली.

मग साहेबांनी खुर्ची पुढे ओढली आणि आवाज मऊ करून मामाजींना म्हणाले, "हे पाहा, मला कोणाचं वाईट करायचं नाही. तुम्ही असं सांगा की मी कोतवाल आहे, पण त्या दिवशी तापानं पडलो होतो. आजारी माणसाला दोष लागत नाही. तुमच्यावर काही येणार नाही, पाटलांवर येणार नाही. माझा अहवाल आजच जाईल आणि धान्य सुटेल."

पडवीतली सगळी माणसं मामाजींकडे पाहायला लागली. वरचं गाव तर पाहत होतंच, आमच्या वस्तीतलेही पाहत होते. आमचीही लेकरं उपाशी होती. एक म्हातारा आमच्यातलाच हळूच म्हणाला, "म्हण नं बावा. एका शब्दानं काय होते?" एका शब्दानं काय होतं ते मला माहीत होतं. डफडं फोडलं, बिल्ला दिला, मान वर करून इतकी वर्षं जगले, ते सगळं त्या एका शब्दानं पुसलं जाणार होतं. आणि तोंडानं आवाज देत दारोदार फिरलेला माणूस कागदावर तापानं अंथरुणाला खिळणार होता. तरी मामाजी ते बोलणार, असं त्यांच्या चेहऱ्यावरून मला वाटलं. त्यांची नजर लेकरांवर होती.

ते बोलायच्या आत पाटलीणबाई उठल्या. बाया बसल्या होत्या त्या कोपऱ्यातून त्या भिंतीला धरत टेबलापर्यंत आल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला.

"ताप नाई होता त्याले," त्या म्हणाल्या. "तो माह्या दारात आलता. बिल्ला बी त्यानं कवाचाच माह्या पोराच्या हातात देला. घरात हाय तो."

साहेब म्हणाले, "आजी, तुम्ही बसून सांगा."

त्या बसल्या नाहीत. "त्यानं सांगतलं, पाणी येऊन राह्यलं. मी म्हटलं, दवंडी दे. मंग त्यानं माह्या धाकट्याले नाव घेऊन आवाज देला. तो वळला अन् पोरगं उठलं, साहेब. पायात चप्पल घालून दारापर्यंत आलतं. म्हणे, माय, काका बलावून राह्यले, मी गोठ्यातून बैल काढतो. म्याच त्याले बसवलं. म्हटलं, बस. दवंडी होऊ दे." मग म्हणाल्या, "तवा गेला असता तं कोरड्या पायानं गेला असता."

पाटील लहान पोरासारखे रडायला लागले. साहेबांशेजारचा कारकून मात्र भराभर लिहीत होता, आणि माझ्या ध्यानात आलं की सरकारची सोय झाली. गावाला सांगितलं होतं, घरच्यांनीच ऐकलं नाही. निरोप कुठं अडकला हे आता कोणाला विचारायची गरज नव्हती. मामाजीही सुटले होते. मी खरं सांगते, माझ्या मनात आलं, सुटले तर सुटू दे.

मामाजींनी हात पुढं करून कारकुनाच्या लिहिण्यावर ठेवला. "हे नका लिहू."

"अहो, हे तुमच्याच बाजूचं आहे," साहेब म्हणाले.

"माय हाय ते त्याची. तिचं नाव कागदात नका घालू. निरोप तुमच्याजवळ होता, साहेब. तुमचा एक बी माणूस तो घेऊन नाई आला. तेवढं लिहा."

साहेबांनी कारकुनापुढचा कागद स्वतःकडे ओढला. मग हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाले, "ते मला लिहिता येणार नाही."

या एका वाक्यासाठी मी त्यांना अर्धी माफी दिली आहे. उरलेली अर्धी देत नाही. त्यांना खरं माहीत होतं आणि ते माहीत आहे हे त्यांनी लपवलं नाही, पण लिहिलंही नाही.

"बरं," मामाजी म्हणाले, "मंग मी कोतवाल नोहतो, एवढं तरी लिहा. बाकी पाणी आलं म्हणा."

तेवढं मात्र साहेबांनी स्वतःच्या हातानं लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. धान्य पुढं आलं, उशिरा आणि कमी. दोष शेवटी कोणाच्या नावावर गेला ते आम्हाला कोणी कळवलं नाही. दुसऱ्या कोणाला कोतवाल नेमलं, तो डफड्याविना नुसतं ओरडून सांगायचा आणि लोक ऐकायचे.

त्या दिवशी साहेब गेल्यावर मामाजी टेकाडाच्या मागे उतरले. मी तणतणत त्यांच्या मागे. "सगळ्याईले सोडून देलं तुम्ही, मामाजी! पाटलाले सोडलं, सरकारले सोडलं! कायले? कोणावर तरी घालायचं होतं नं!"

ते एका दगडावर बसले. माझं काही त्यांनी ऐकलं होतं असं वाटत नव्हतं. आणि मग मी लग्न होऊन आल्यापासून कधी पाहिलं नव्हतं ते पाहिलं. पागोट्याच्या पदरात तोंड खुपसून ते हुंदके देऊन रडत होते.

मी घाबरून खाली बसले. "काय झालं, मामाजी?"

"उठलं होतं व ते," ते म्हणाले. "माह्या आवाजानं उठलं होतं."